समईचं चित्र मातकट का होतंय? (बडोद्याहून, जरा लांबलचक उत्तर)

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला आणि चित्राचा फोटोही मोठा करून बघितला. तुम्ही म्हणताय की दोन वर्षं ॲक्रिलिक करताय, आजीच्या देवघरातली समई काढायला घेतलीय, ज्योतीभोवती पिवळा, नारिंगी, लाल असे सात-आठ थर दिलेत, व्हिडिओत सांगतात तसं थरावर थर चढवत गेलात आणि चित्र उजळायचं सोडून मातकट होत चाललंय. शेवटी विचारलंय की महागाचे रंग घेऊ का सरळ ऑइलकडे वळू.

दोन्ही नको. निदान आत्ता तरी नको, त्यावर खाली लिहितो.

मी इथे दांडिया बाजारात रविवारी क्लास घेतो, पंचवीसेक वर्षं झाली असतील, आणि दर वर्षी दिवाळीच्या आसपास कोणीतरी समई, पणती किंवा आकाशकंदील घेऊन येतंच आणि दर वेळी तक्रार हीच असते. म्हणून तुमचा फोटो आल्यावर मी पहिलं काम काय केलं तर तो मोबाईलमध्ये ब्लॅक अँड व्हाइट केला. तुम्हीपण करून बघा. ज्योत गायब होते. म्हणजे खरंच गायब, भिंत, ज्योत, तबकातली झेंडूची फुलं, सगळं एकाच राखाडीत बसलंय. रंगीत फोटोत ती पिवळी म्हणून डोळ्याला कळते एवढंच, पण ती भिंतीपेक्षा उजळ नाहीये हो. तुमची भिंत क्रीम आहे. क्रीमवर पिवळी ज्योत कितीही घासली तरी पेटणार कशी?

तर तुम्हाला हा रंगांचा प्रॉब्लेम वाटतोय पण आहे तो टोनचा. टोन म्हणजे रंग कुठला ते विसरून ती जागा किती उजळ किंवा किती गडद एवढंच बघायचं. आणि इथे एक अडचण आपल्या सगळ्यांचीच आहे, तुमची एकटीची नाही. अंधाऱ्या खोलीत पेटलेली ज्योत आणि कोपऱ्यातला काळोख यांच्यात हजारो पटींचा फरक असतो. आपल्याकडे रंग म्हणून काय आहे, तर सगळ्यात पांढरा पांढरा आणि सगळ्यात काळा काळा, त्या दोघांत उजेड परत फेकायचा फरक जेमतेम वीस-तीस पट. तेवढ्यात सगळा संसार भागवायचा. मग ज्योत पांढऱ्यापेक्षा पांढरी करता येत नाही म्हटल्यावर हातात एकच गोष्ट उरते, बाकीचं सगळं खाली उतरवायचं. भिंत, देव्हारा, फुलं, देवांचे टाकसुद्धा. तुम्ही उलटं केलंत, ज्योत दिसेना म्हणून आजूबाजूलापण पांढरा मिसळून मिसळून ‘उजेड पसरवलात’. आजूबाजूचं उजळत गेलं तशी ज्योत आणखीच विझत गेली.

मीपण हेच केलेलं आहे, लाजायचं काय त्यात. ऐन तिशीत एक मोठा कॅनव्हास घेतला होता, नवरात्रातल्या गरब्याच्या मैदानाचा. वर दिव्यांच्या माळा, खाली घागरे, मी सगळीकडे लेमन यलो आणि व्हाइट ओतला होता, दोन आठवडे रात्री जागून. एक ज्येष्ठ शिक्षक घरी आले, काही बोलले नाहीत, एका पुठ्ठ्याला पेनाच्या टोकाएवढं भोक पाडलं आणि म्हणाले, ‘त्या भोकातून मला तो पांढरा सदरा दाखव.’ समोर खुर्चीवर खिडकीच्या उलट्या बाजूला माझा सदरा पडला होता, धुतलेला, पांढराशुभ्र. भोकातून बघितलं तर मळकट निळसर राखाडी! आणि तोच सदरा भोक बाजूला केलं की परत पांढरा. म्हणजे मी बघत नव्हतो, मला माहिती होतं तेच रंगवत होतो. पांढरा सदरा म्हणून पांढरा, समई म्हणून पिवळी. तो पुठ्ठा अजून माझ्याकडे आहे, विद्यार्थ्यांच्या हातून हातून त्याच्या कडा काळ्या झाल्यात. तुम्ही आज संध्याकाळी समई लावून असाच पुठ्ठा घेऊन बसा. आणि दुसरं म्हणजे डोळे किलकिले करून बघायचं, बारीकसारीक सगळं विरघळतं आणि तीन-चार मोठे डाग उरतात. ते डाग म्हणजे तुमचं चित्र.

कधी बडोद्याला आलात तर लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात महाराजा फतेहसिंह म्युझियम आहे तिथे जा. सयाजीरावांनी १८८८ साली राजा रविवर्म्याला चौदा पौराणिक चित्रं करायला सांगितली होती आणि इथल्या संग्रहात त्याचं काम भरपूर आहे. लोक चेहरे बघतात, तुम्ही साड्यांवरची जर बघा. लांबून वाटतं सोनं ओतलंय. जवळ जाऊन बघितलं तर सोनं कुठेच नाही, मातीचे रंग आहेत, गेरूच्या घरातले, पिवळ्या मातीच्या घरातले, त्यातले बरेच तर चक्क तपकिरी. आणि मग कुठेतरी मोहरीएवढा फिका पिवळा ठिपका. तो ठिपका चमकतो कारण त्याच्या शेजारी सगळं मळकं आहे. मळकट रंगांना घाबरायचं कारण नाही, समईच्या चित्रात तर दहातले नऊ हिस्से मळकटच असायला हवेत, फक्त ते ठरवून मळकट झालेले हवेत.

आता थरांकडे येतो, कारण इथे व्हिडिओवाले लोक अर्धंच सांगतात. थर दिले की खोली येते हे खरं, पण कुठल्या रंगाचा थर? काही रंग पारदर्शक असतात आणि काही झाकणारे. पारदर्शक रंगाचा पातळ थर दिला की उजेड त्यातून आत जातो, खालच्या पांढऱ्या कॅनव्हासवर आपटतो आणि त्याच थरातून परत बाहेर येतो, म्हणजे दोनदा गाळला जातो, म्हणून तो रंग आतून पेटल्यासारखा दिसतो. काचेच्या रंगीत बरणीसारखं. झाकणाऱ्या रंगात उजेड वरच्यावरच परततो. टिटॅनियम व्हाइट तर झाकण्यात बाप, चिमूटभर पडला की पारदर्शकपणा संपला, वर रंग खडूसारखा थंड पडतो. तुम्ही प्रत्येक थरात थोडा थोडा पांढरा घातलाय (फोटोत कळतंय), म्हणजे आठ थर दिलेत खरे पण दिसतोय फक्त आठवा. खालचे सात फुकट गेले.

ट्यूबवर बारीक चौकोन असतो बघा, रिकामा म्हणजे पारदर्शक, भरलेला म्हणजे झाकणारा, अर्धा म्हणजे मधला. नसेल छापलेला तर घरी टेस्ट करा, जाड कागदावर काळ्या ॲक्रिलिकची पट्टी ओढा, पूर्ण वाळू द्या आणि तिच्यावरून आडवे तुमच्याकडचे सगळे रंग एकेक करून ओढा. काळ्यावर जो दिसेनासा होतो तो पारदर्शक, जो काळ्यावर बसून राहतो तो झाकणारा. मार्कर पेनने पट्टी ओढू नका, बऱ्याच मार्करची शाई वरच्या रंगात झिरपते आणि मग काही कळत नाही. साधारणपणे अल्ट्रामरीन आणि थॅलो ब्ल्यू हे निळे, क्विनाक्रिडोनचे गुलाबी-लाल हे पारदर्शक बाजूचे, बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी) बऱ्यापैकी त्याच बाजूचा, आणि कॅडमियमवाले पिवळे-लाल झाकणारे. पण कंपनीगणिक फरक पडतो म्हणून आपली पट्टी आपणच करायची आणि भिंतीवर टांगून ठेवायची.

मातकटपणाचं दुसरं कारण म्हणजे घाई. ॲक्रिलिक वरून वाळल्यासारखं वाटतं पण आतून चिकट असतं, त्यावर ब्रश फिरला की खालचा थर उचलला जातो आणि दोन्हींचा चिखल होतो. पिवळ्यावर जांभळा, नारिंगीवर निळा असे समोरासमोरचे रंग ओल्यात भेटले तर मातीच होणार, एकाने जो उजेड सोडला असता तो दुसरा गिळतो. हेच दोन रंग एकावर एक पण वाळवून दिले तर तुम्हाला सुंदर, खोल असा सावलीचा रंग मिळतो, दोन्ही कळतात. किती वेळ थांबायचं हे हवेवर आहे. आमच्याकडे मे महिन्यात पॅलेटवरचा रंग चहा संपेपर्यंत कडक होतो आणि जुलैमध्ये तोच थर तासाभराने पण बोटाला लागतो. तुमच्या इंदूरला उन्हाळा आणखी कोरडा. उन्हाळ्यासाठी माझा जुगाड सांगतो, जेवणाचा पसरट स्टीलचा डबा घ्या, तळाला ओला स्पंज, त्यावर बटर पेपर, रंग त्याच्यावर काढा आणि काम थांबलं की झाकण लावा. दोन-तीन दिवस रंग मऊ राहतो. पावसाळ्यात हेअर ड्रायर, लांबून आणि कोमट. आणि हो, ओला ॲक्रिलिक फिका दिसतो, वाळला की गडद होतो, कारण त्यातलं बाइंडर, म्हणजे रंग धरून ठेवणारं द्रव्य, ओलं असताना दुधट असतं आणि वाळल्यावर स्वच्छ होतं. त्यामुळे ओल्यात ‘बरोबर आहे’ म्हणून हात थांबवू नका, एक ठिपका वाळवून बघा.

आता तुमचंच चित्र मी परत काढायला बसलो तर काय करीन ते लिहितो, हाच एक रस्ता असं नाही, पण माझ्या हाताला हा जमतो.

आधी वेळ ठरवीन. भर रात्री नाही, तिन्हीसांजेला. दिवेलागणीला खिडकीतून निळसर उजेड अजून येत असतो आणि समई पेटलेली असते, त्या पंधरा-वीस मिनिटांत समईने पाडलेली सावली निळी दिसते, खरोखर निळी, कारण त्या जागेवर ज्योतीचा पिवळा उजेड पोचत नाही आणि खिडकीतला पोचतो. एकदा ही निळी सावली डोळ्यांनी बघितलीत की परत कधी सावलीत काळा रंग घालणार नाही. फोटो काढून ठेवा पण फोटोवर विश्वास ठेवू नका, मोबाईल ज्योतीला पांढरा भोपळा करतो आणि अंधाराला उगाच उजळवतो. पेन्सिलने चार ओळी लिहून ठेवा, ‘भिंत समईच्या डावीकडे वीटकरी, कोपरा जवळजवळ काळा-हिरवा’ असं काहीतरी.

मग कॅनव्हासवर फक्त बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन मिसळून पातळ तपकिरीने सगळं चित्र एकाच रंगात. ज्योत आणि तिच्या भोवतीची हाताच्या पंजाएवढी जागा कोरी पांढरी सोडायची, तिथे ब्रश न्यायचाच नाही. ही जागा राखणं फार जड जातं, हात शिवशिवतो. बाकी ठिकाणी तीन-चार टोन, बस. एक लक्षात ठेवा की ज्योतीपासून दुप्पट लांब गेलं की उजेड निम्मा होत नाही, चौथा हिस्सा होतो. म्हणून भिंतीवरचा उजेड झपाट्याने उतरला पाहिजे, तुमच्या चित्रात तो कडेपर्यंत हळूहळू ओघळत गेलाय आणि म्हणून ती ज्योत न वाटता ट्यूबलाइट वाटते. (राग नका मानू.) या टप्प्याला मोबाईल ब्लॅक अँड व्हाइट टेस्ट. इथे ज्योत पेटली नसेल तर पुढे रंग लावून उपयोग नाही, परत करा. माझे विद्यार्थी इथेच कंटाळतात.

ते वाळलं की झाकणारे रंग, पण मळके. भिंतीला, देव्हाऱ्याच्या लाकडाला, फुलांना. झेंडू सावलीत आहेत ना, मग ते नारिंगी नाहीत, ते विटेच्या रंगाचे आहेत, पुठ्ठ्यातून बघा. मग पारदर्शक थर, ग्लेझ ज्याला म्हणतात ते. रंग थेंबभर आणि ग्लेझिंग मीडियम (रंग पातळ, पारदर्शक करायचं तयार द्रव्य) चमचाभर, नुसतं पाणी वाढवत नेलं तर रंग धरून ठेवणारं बाइंडरच पातळ होतं आणि वाळल्यावर डाग डाग उठतात. कोपऱ्यांवर अल्ट्रामरीन-सिएनाचे चार-पाच ग्लेझ, प्रत्येक वाळवून, काळोख असा हळूहळू बसतो. ज्योतीच्या भोवती राखलेल्या पांढऱ्यावर पारदर्शक पिवळ्याचा एक, बाहेरच्या कडेला क्विनाक्रिडोनचा एक, बस, मोह आवरायचा.

पितळेचं एक सांगतो, हे मला फार उशिरा कळलं. चिनी मातीच्या कपावर किंवा ओल्या फरशीवर जी चकाकी असते ती उजेडाच्याच रंगाची असते, दिवसा पांढरी. पितळ, तांबं, सोनं यांचं तसं नाही, त्यांची चकाकी त्या धातूचा रंग घेऊन येते. म्हणून समईच्या दांड्यावर तुम्ही जे शुद्ध पांढरे ठिपके दिलेत त्याने ती स्टीलची झालीय. तिथे फिकट पिवळा हवा, आणि त्याला लागून एकदम गडद तपकिरी, मध्ये पायऱ्या नकोत, धातूवर उजेड-सावली अशी तडक बदलते.

अगदी शेवटी ज्योत. जाड रंग, पांढऱ्यात जरासा पिवळा, पॅलेट नाइफने नाहीतर भरलेल्या ब्रशने एका फटकाऱ्यात. मध्ये जवळजवळ पांढरी, कडेला पिवळी-नारिंगी, वातीच्या बुडाशी इवलासा निळा. कडा थोडी मऊ ठेवा, कात्रीने कापल्यासारखी नको. जाड रंगाच्या उंचवट्यावर खोलीतला खरा उजेड पडतो, बाकी सगळं पातळ आणि सपाट असल्यामुळे तो एकच जाड फटकारा नजर ओढून घेतो. दोन-तीनदा गिरवलात तर मेला.

तर इथवर टोन, मग पारदर्शक आणि झाकणारे यांची वाटणी, मग वाळवण्याचा धीर. हे झाल्यावर तुमच्या प्रश्नातला तो शब्द येतो, ‘एक्स्प्रेसिव्ह’. तुम्ही लिहिलंय की चित्र बरोबर आलं तरी त्यात आजी नाही येत. मला वाटतं इथे रंगाची खरी मजा सुरू होते, कारण टोन बरोबर असला की रंग खोटा चालतो. भिंत वीटकरी असायची गरज नाही, तेवढ्याच गडदपणाची हिरवी करा, जांभळी करा, आजीच्या नऊवारीचा रंग कुठला होता? तो घ्या भिंतीला. बघणाऱ्याला खोली, उजेड, अंधार सगळं कळतं कारण टोन जागेवर आहे, आणि रंग मात्र तुमचा असतो. हेच टोन चुकवून केलं तर नुसता रंगीबेरंगी गोंधळ होतो.

आणि रंग कधी एकटा नसतो. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात शेव्रल म्हणून केमिस्ट होता, १८२४ पासून तिथल्या रंगाई खात्याचा प्रमुख. तक्रार आली की निळ्या-जांभळ्या कापडात वापरलेली काळी लोकर फिकी दिसते. त्याने तपासलं, काळ्या रंगात खोट नव्हती, शेजारच्या निळ्या-जांभळ्यामुळे ती फिकी भासत होती. आपल्याकडे साडी घेताना बायका काठावर पदर ठेवून बघतात ते हेच. तुम्ही इंदूरच्या, म्हणजे चित्रकार ना. श्री. बेंद्र्यांच्या गावच्या. १९१० चा जन्म, इंदूरलाच देवळालीकरांकडे शिकले, १९५० ला इथे बडोद्याच्या फाइन आर्ट्स कॉलेजला शिकवायला आले आणि १९६६ पर्यंत राहिले. त्यांची उत्तरकाळातली ठिपक्या-ठिपक्यांची चित्रं मिळतील तिथे बघा, रंग पॅलेटवर कालवून मारण्याऐवजी शेजारी शेजारी ठेवलेत आणि मिसळण्याचं काम बघणाऱ्याच्या डोळ्यावर सोडलंय. तुमच्या भिंतीला असं करता येईल, सपाट हिरव्याऐवजी निळा आणि मातकट पिवळा बारीक तुकड्यांनी, दोन्हींचा टोन एक ठेवून. हवा हलल्यासारखी वाटते.

काढताना खोलीतला दिवा कुठला हे तुम्ही लिहिलं नाहीये. पिवळ्या बल्बखाली काम करत असाल तर तिथे पिवळा आणि पांढरा जवळजवळ सारखेच दिसतात, म्हणून हात पिवळा वाढवत जातो आणि सकाळी बघितलं की कावीळ. उत्तरेकडची खिडकी असेल तर उत्तम, नाहीतर ५००० ते ६५०० केल्विनचा एलईडी, खोक्यावर सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वर लिहिलेला.

रंगांचं म्हणाल तर स्टुडंट ग्रेडमध्ये, म्हणजे शिकणाऱ्यांसाठीच्या स्वस्त रंगांत, रंगद्रव्य कमी आणि भरताड जास्त असतं, ग्लेझला ते जाणवतं. पण अख्खा सेट घेऊ नका, एक चांगला अल्ट्रामरीन, एक क्विनाक्रिडोन आणि एक पारदर्शक पिवळा एवढ्या तीनच ट्यूबा चांगल्या घ्या, पांढरा आणि मातीचे रंग आहेत तेच चालू द्या. ऑइल नंतर. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतं, एकेका थराला दिवस दिवस लागतात, पावसाळ्यात तर विचारू नका, आणि वरचा थर खालच्यापेक्षा जास्त तेलाचा ठेवावा लागतो नाहीतर पुढे तडे जातात. थांबायची सवय ॲक्रिलिकवर लावून घ्या. आणि हेच समईचं चित्र वाळलेल्या ॲक्रिलिकवर ऑइलने पुढे नेता येतं, उलटं मात्र करायचं नाही, ऑइलवर ॲक्रिलिक धरत नाही.

जुना कॅनव्हास फेकू नका, त्यावर जेसोचे (कॅनव्हासला द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे) दोन हात द्या आणि परत बसा. तपकिरीचा पहिला टप्पा झाला की रंग लावायच्या आधी इथे फोटो टाका, ब्लॅक अँड व्हाइट करून. मी बघतो ज्योत पेटलीय का.